काकू, ते एक मूळ जगलं

काकू,

समोर आले की मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय कारण तुमच्याबद्दल लोकांना कळायलाच हवं. काल ऑर्किडला नवीन पान दिसलं. अगदी मधोमध, जेमतेम नखाएवढं, पोपटी आणि टणक. तिथेच उभी राहिले आणि रडू आलं.

तुम्हाला माहितीये ते रोप ताईचं आहे. परगावी जाताना तिनं माझ्या हातात दिलं, "तू नीट बघशील" एवढंच म्हणाली. आणि दोन महिन्यांत माझ्याकडे त्याची पार रया गेली, पानं आधी मलूल झाली, मग सुरकुतली, मग कुंडीच्या काठावरून लोंबायला लागली. मी कोणाकोणाला विचारलं नाही! ज्याच्याकडून खत आणलं त्यानं रोप न बघताच सांगितलं की पाणी कमी पडतंय, रोज घाला. मी रोज घातलं. दुसरा म्हणाला खताचा डोस डबल करा, पानं तरारतील, तर पानांची टोकं जळून काळी पडली. तिसऱ्यानं फोटो बघून "गेलं हे, फेकून द्या" म्हणून विषय संपवला. मला अजून राग आहे. सल्ला चुकला म्हणून नाही, चुकतं माणसाचं, पण यातल्या एकानंही विचारलं नाही की मुळं कशी आहेत.

तुम्ही आल्या आल्या जुना पेपर पसरून खाली जमिनीवरच बसलात, गुडघे दुखत असताना. रोप अलगद बाहेर काढलंत तेव्हा कुजका वास आला आणि मला मान वर करवेना. मुळं तपकिरी, बुळबुळीत, धरली की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. "अगं हे काय करून ठेवलंस" असं तुम्ही म्हणाल याची मी वाट बघत होते. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. माझं बोट धरलंत आणि एका मुळावर ठेवलंत. "दाब. घाबरू नको, दाब." मी दाबलं तर ते टणक होतं. "हे जिवंत आहे. एक आहे ना, मग बघू."

काकू, बाकी सगळं मी विसरेन पण ते बोट धरणं नाही विसरणार.

तेव्हा कुठे मला कळलं की पानं तहानलेलीच होती, पण पाणी पिणारी मुळंच कुजली होती, म्हणजे मी जितकं घालत होते तितकी ती आणखी तहानत होती. जास्त पाण्यानंही पान वाळल्यासारखंच दिसतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. हे फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड मुळात दुसऱ्या झाडाच्या खोडावर राहणारं, पाऊस आला की मुळांवरचं स्पंजसारखं आवरण पाणी पिऊन घेतं आणि मग वाऱ्यावर सुकतं, आणि मी त्याला रोज चिखलात उभं करत होते. आता वार बघून पाणी घालत नाही. मुळं रुपेरी दिसली की घालते, हिरवी असली की हात मागे. सकाळीच घालते, आणि पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर टिश्यूच्या टोकानं टिपते, कारण शेंडा एकदा कुजला की काही हातात राहत नाही असं तुम्ही दोनदा बजावलं होतं.

खताचं तर मला सगळ्यात जड गेलं. इतकं अशक्त रोप, त्याला काहीतरी खायला द्यावंसं वाटायचं. पण तुम्ही म्हणालात, आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढतं का, आणि मी नव्या मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत डब्याला हात लावला नाही. आता पाकिटावरच्या मापाच्या पाव भागच देते, तेही आधी साधं पाणी घालून, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी भरपूर धुऊन काढते म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. टोकं परत जळली नाहीत.

ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला लाज न वाटू देता शिकवावं, ही साधी गोष्ट आहे पण फार कमी लोकांकडे आहे हो. तुम्ही माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाहीत, हात धुतलेत आणि निघालात.

ती दोन सुरकुतलेली जुनी पानं अजून तशीच आहेत. दिसायला बरी नाहीत पण कापली नाहीत, नवीन पान मोठं होईपर्यंत तीच त्याला पोसणार म्हणालात ना. ताईला फोटो पाठवलाय, तिनं पहिलं विचारलं की काकू कोण. तुम्ही एकदा या, आणि या वेळी चहा घेऊनच जा.