बटर पेपरवरच्या तीन संध्याकाळी : चित्रकलेच्या सरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

बार्सिलोनाहून परत आल्यावर मी फोनवर तुमचे आभार मानले, तेव्हा तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय तिथल्या जेवणाखाणाकडे वळवलात. म्हणून आता तेच आभार लिहून आणि चारचौघांसमोर मानते आहे. तुमच्या इतर विद्यार्थ्यांच्याही वाचनात हे पत्र आले तर मला आनंदच होईल.

बार्सिलोनाला मुलीकडे जायचे ठरले, तेव्हा तिथल्या पिकासो संग्रहालयातील ‘लास मेनिनास’ ही चित्रमालिका पाहायचीच, असे मी मनाशी ठरवले होते. पण मोबाइलवर त्यातली चित्रे पाहिल्यावर, स्पेनचा दरबारी चित्रकार वेलाझ्केझ याने १६५६ मध्ये इतक्या निगुतीने रंगवलेल्या राजघराण्याच्या याच नावाच्या व्यक्तिचित्राची पिकासोने तीनशे वर्षांनी निव्वळ मोडतोड केली आहे, असेच मला वाटले आणि तसे मी तुम्हाला बोलूनही दाखवले. तुम्ही वाद घातला नाहीत. कपाटातून मूळ चित्राचा जुना छापील प्रिंट काढलात, त्यावर बटर पेपर टाचलात आणि म्हणालात, ‘चेहरे काढू नकोस. कोण कुठे उभं आहे, तेवढंच काढ.’ इंटरमिजिएट परीक्षेला स्मरणचित्रात मी जेमतेम पास झाले होते, हे तुमच्या लक्षात असणारच. तरीही पेन्सिल तुम्ही माझ्याच हातात दिलीत.

त्या पहिल्या संध्याकाळी मला कळले की या चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामाच आहे. पाच वर्षांची राजकन्या मार्गारीता, तिला लाल भांड्यातून पाणी देणारी आणि शेजारी किंचित वाकलेली अशा दोन मानकरी मुली, उजवीकडे दरबारातली ठेंगणी बाई मारी बार्बोला आणि कुत्र्यावर पाय ठेवणारा छोटा निकोलासितो, आरशातले राजाराणी, मागच्या उघड्या दारातल्या पायऱ्यांवरचा माणूस आणि भल्यामोठ्या कॅनव्हासमागे उभा असलेला खुद्द चित्रकार, ही सगळी माणसे खालच्या अर्ध्यात आहेत आणि वर नुसती काळोखी भिंत, छत आणि छतातले दोन आकडे, म्हणजे हुक. तुम्ही वरचा भाग वहीच्या पुठ्ठ्याने झाकलात, आणि त्या दरबारी चित्राचा क्षणात लग्नातला ग्रुप फोटो झाला. पुठ्ठा काढलात आणि सगळे पुन्हा शांत झाले. रिकाम्या जागेचे चित्रातले काम इतक्या स्वच्छपणे मला आजवर कोणी दाखवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तोच बटर पेपर तुम्ही पिकासोच्या पहिल्या चित्रावर धरायला लावलात. तो कशावरच बसेना. मूळ चित्र उभे, आणि पिकासोने १७ ऑगस्ट १९५७ रोजी केलेले हे चित्र आडवे, १९४ बाय २६० सेंटिमीटरचे. ‘कागद आडवा केल्यावर छताचं काय होईल?’ असे विचारून तुम्ही चहा करायला आत गेलात. तुम्ही कप घेऊन बाहेर येईपर्यंत मला उत्तर सापडले होते : छत खाली आले, माणसे आडवी पसरली आणि एकटा वेलाझ्केझ मात्र थेट छतापर्यंत वाढला. मी ज्याला मोडतोड म्हणत होते, ती चौकट बदलल्यावर करावी लागलेली नवी मांडणी होती. हे एरवी कोणी मला तोंडी सांगितले असते, तर मी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते.

तिसऱ्या संध्याकाळी आपण पिकासोची राजकन्येची एकटीची चित्रे पाहिली. त्रिकोणी घेर, अर्धा समोरून आणि अर्धा बाजूने दिसणारा चेहरा, रंगांचे सपाट तुकडे. याला अमूर्त म्हणायचे का, असे मी विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पूर्ण अमूर्त नाही, माणूस ओळखू येईनासा होतो, पण त्याचा पत्ता तोच राहतो.’ बार्सिलोनात हे वाक्य मला फार उपयोगी पडले.

मोंकादा रस्त्यावरच्या जुन्या वाड्यांमध्ये ते संग्रहालय आहे. तिथे ते मोठे चित्र समोर आल्यावर मुलगी म्हणाली, ‘आई, हे तर सगळं राखाडीच आहे.’ मी पर्समधून घडी केलेला बटर पेपर काढला आणि ‘आधी दारातला माणूस शोध’ म्हणाले. तो तिला लगेच सापडला. मग आरसा, मग छतातले दोन आकडे, जे पिकासोने मुद्दाम ठसठशीत केले आहेत. मूळच्या धिप्पाड कुत्र्याच्या जागी पिकासोच्या घरात वावरणारा लुम्प नावाचा बुटका डाक्सहुंड कुत्रा आलेला पाहून ती मोठ्याने हसली. तुम्ही खिडक्या पाहायला सांगितले होते ते मी साफ विसरले; बाहेर पडता पडता आठवले, म्हणून पुन्हा मागे गेलो. वेलाझ्केझच्या दालनात मिटलेल्या खिडक्या पिकासोने उघडून टाकल्या आहेत.

एक चित्र तुम्ही मला दाखवले नव्हते, ते मात्र तुम्हाला सांगायलाच हवे. मूळ चित्रात निकोलासितोचे हात अधांतरी आहेत. पिकासोने १७ ऑक्टोबरला त्याला एकट्यालाच घेतले आणि त्या हातांखाली चक्क पियानो ठेवला. फ्रान्समधल्या कान शहरातल्या घरी डिसेंबरअखेरपर्यंत चाललेल्या या कामात एकूण ५८ चित्रे झाली, त्यांत नऊ तर घराच्या खिडकीतल्या कबुतरांची आहेत. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीमुळे स्पेनमध्ये पाऊल न ठेवणाऱ्या पिकासोने १९६८ मध्ये, साबार्तेस या दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ, ती सगळी बार्सिलोनाला देऊन टाकली. भिंतीवर ती सलग पाहताना, ही आपल्या हातून गेली तरी चालतील असे त्याला कसे वाटले असेल, हाच विचार माझ्या मनात राहिला.

त्या पियानोच्या चित्राचे कार्ड तुमच्यासाठी आणले आहे; रविवारी घेऊन येते. एक कबुलीही द्यायची आहे. मी पेन्सिल इतकी दाबून चालवली, की बटर पेपरखालच्या तुमच्या जुन्या प्रिंटवर राजकन्येच्या झग्याभोवती चर उमटला आहे. उजेडात तिरका धरला की स्पष्ट दिसतो. तुम्ही तो नक्कीच पाहिला असणार, आणि तरी मला काही बोलला नाहीत, त्याबद्दलही आभार.

आपली विद्यार्थिनी