हॅम्प्टन कोर्टच्या मुदपाकखान्यातल्या त्या माणसांचे आभार

गेल्या शनिवारी आम्ही साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊन लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात गेलो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मुदपाकखान्यातून एकेकाळी दरबारातल्या सुमारे ६०० जणांची दोन्ही वेळची पानं वाढली जात. तिथे ट्यूडर, म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या काळातल्या वेशातली माणसं धगधगत्या जाळापुढे सळईवर मांस भाजत होती.

आई शाकाहारी. ती दारातच थबकली. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी ते बरोबर ओळखलं, तिला बाजूच्या टेबलाशी नेलं आणि हातात चक्क बत्ता दिला. खलात दालचिनी, लवंगा! लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासात दूध वर्ज्य, म्हणून तेव्हा बदाम वाटून त्याचं दूध काढत, हेही त्यांनी सांगितलं. आईला इंग्रजी येत नाही, पण 'उपवास' म्हटल्यावर तिला सगळं कळलं. हेन्री १५०९ साली गादीवर आला, पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. मिरची त्या पोर्तुगीजांनीच नंतर आणली, तेव्हा ती आपल्याकडेही नव्हती, हे ऐकून तर ती थक्कच झाली.

बाई, तुमचे शतशः आभार.

आणि सळई फिरवणारे दादा, गर्दीत आमची सहा वर्षांची मुलगी चुकली तेव्हा तुम्ही काम सोडून तिच्याशेजारी बसून राहिलात. आम्ही धावत आलो तेव्हा ती रडत नव्हती, गोष्ट ऐकत होती. त्या घाईत तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.

आई रोज फोनवर साताऱ्याला त्या खलबत्त्याचं सांगते आहे.