गाळ वाचायला कोण शिकवणार?

संपादक महोदय,

माझी सगळी नोकरी खाणीवर भूवैज्ञानिक म्हणून गेली, आता गोव्यात आगशीला घरी असतो. गेल्या मे महिन्यात आमच्या खाजनातल्या (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीतल्या) मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दारापाशचा) बांध दुरुस्त करताना जेसीबीने पुरुषभर खोल चर मारला. भूगर्भशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाला आणि पुरातत्त्व शिकणाऱ्या त्याच्या मैत्रिणीला तो दाखवायला नेले. वर तांबडी भर, खाली करडी चिकणमाती, मध्ये वीतभर शिंपल्यांचा थर. नातू म्हणाला, "खाडीचा गाळ." तिने खापराचा एक तुकडा उचलला आणि त्याचा काळ सांगू लागली. तुकडा कोणत्या थरातून निघाला, ते मात्र दोघांनीही टिपले नाही. भू-पुरातत्त्व, म्हणजे गाळ-मातीच्या थरांवरून माणसाचा भूतकाळ वाचणे, शिकवायला हवे ते यासाठीच.

शिंपल्याची दोन्ही झाकणे जोडलेली असली, तर बहुधा तो प्राणी तिथेच जगला-मेला. सुटी, फुटकी, राखेत मिसळलेली असली, तर कुणाच्या तरी जेवणातली. आम्ही बसून वीस-पंचवीस काढली. जवळजवळ सगळी सुटी, पण राख नाही. मग पाण्याने आणली, की बांध घालणाऱ्यांनी भर म्हणून टाकली? मातीचे ढेकूळ रेझिनमध्ये घट्ट करून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर याचा माग लागू शकतो. नातवाला दगडाचे काप येतात, मातीचे कुणी शिकवलेले नाहीत.

इथून जवळच कदंबांचे गोपकपट्टण बंदर होते. ते गाळाने बुजले असे आपण ऐकत आलो. तो गाळ केव्हा साचला, हे झुआरी नदीच्या काठी ऑगर (माती वर काढणारा हातगिरमिट) घालून विचारता येईल. वाळूवर शेवटचा उजेड कधी पडला, हे प्रयोगशाळेत मोजता येते. फक्त नमुना नळीत, उजेड न लागू देता घ्यावा लागतो, आणि ते हातानेच शिकायचे काम आहे. (जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत हाडे सहसा टिकत नाहीत, म्हणून आपल्याकडे गाळावरच जास्त भिस्त.)

ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भू-पुरातत्त्व हा विषय कित्येक वर्षे रुजलेला. भूगर्भ आणि पुरातत्त्वाच्या मुलांना एकत्र, पंधरा दिवस, पायाला चिखल लागेल असे शिबिर एवढेच मागतो. नोकरीचे विचाराल, तर उत्खननाला असा माणूस लागतोच. शिवाय ज्याला बोअरचा लॉग (किती खोलीवर कोणता थर लागला याची नोंद) नीट लिहिता येतो, त्याला पुलाच्या पायाचे कामही मिळते.

दुसऱ्याच दिवशी चर बुजवला. नातवाच्या मोबाइलवर त्या थराचा फोटो आहे, शेजारी मोजपट्टी नाही.

— एक निवृत्त खाण-भूवैज्ञानिक, आगशी