कुलूप लावलं, किल्ली कडीलाच: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. अतिवृष्टी अनुदानाच्या याद्या इथं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. नाव, गट नंबर, आधार, बँक खातं, सगळं एकाच एक्सेलमध्ये. एका काकूंनी पासबुक पुढं करून विचारलं, "बापू, माह्या खात्याचा नंबर त्या पोट्ट्याच्या मोबाइलात कसा काय आला?"

आम्ही कुरकुर केली, तर पुढची यादी पासवर्ड लावून आली. दोन मिनिटांत त्याच ग्रुपवर, फाइलच्या खालीच, पासवर्डही आला: तालुक्याचं नाव आणि 123. कोठीला कुलूप घालायचं, किल्ली कडीला लटकवायची अन् वावरात जायचं!

फाइल ईमेलनं गेली तर पासवर्ड फोनवर तोंडी सांगावा. याला काही खर्च नाही.

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. तीच चाल आता सगळीकडे चालते. नाव गावाला ठाऊक, ओळखायचं राहिलं जन्मवर्ष, तेही शंभरेकांतलं एक. एटीएम तीनदा चुकलं की कार्ड अडवतं. हाती लागलेली फाइल कोणालाच अडवत नाही, संगणक रात्रभर पासवर्ड लावून पाहू शकतो. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत, तेही चिठ्ठ्या काढून. मनानं निवडायला बसलं की बाबू लेकीचंच नाव टाकतो.

एक्सेलचं 'प्रोटेक्ट शीट' म्हणजे फाइल कुलूपबंद झाली, असा इथं पक्का समज आहे. त्यानं फक्त आकडे बदलता येत नाहीत, वाचता सगळे येतात. फाइल पासवर्डनं बंद करणारं 7-झिप हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्यात फाइलचा झिप प्रकार घेतला की कुलपाची जुनी, कच्ची झिपक्रिप्टो पद्धत आपोआप लागते. एईएस-256 ही पक्की पद्धत आपण निवडावी लागते.

खरी अडचण बदलीची. बाबू पुसदला गेला की पासवर्डही त्याच्यासोबत पुसदला. पक्क्या कुलपाला दुसरी किल्ली नसते, पासवर्ड विसरला की यादी गेली. तो कागदावर लिहून, पाकीट लाखेनं बंद करून तहसीलच्या तिजोरीत ठेवावा. चार्ज देता-घेताना नवा करून फाइल पुन्हा बंद करावी.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आम्हाला दंड नको, एका पानाचा मराठी शासन निर्णय हवा. येत्या खरिपाचे पंचनामे सुरू व्हायच्या आत तो निघावा, ही विनंती.

आपला,
एक सेवा केंद्र चालक,
जि. यवतमाळ