तू मावशीचे पाय धरले होतेस

चोपडा,
रविवार रात्र

प्रिय राजा,

दीड वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. चूक माझी. आईची शुगर ठीक, मीही बरा.

आपल्या पंढरीला डोक्याला विजेचा शॉक द्यायच्या संमतीच्या कागदावर मी सही केली रे. तो स्वतः ऐकून घ्यायच्या स्थितीत नव्हता.

९१ साली तुझ्या ओट्यावर उभा राहून मी तुला कसाई म्हणालो होतो. मावशीला चौघांनी दाबून, जागेपणी शॉक दिला आणि तू पाय धरलेस म्हणून. दोन वर्षं बोलला नाहीस माझ्याशी. सतरा वर्षांच्या पोराला डॉक्टरनेच 'धर' म्हटलं, पोरगं काय करणार? त्याच मावशीने पुढच्या आखाजीला केलेले मांडे मी पोटभर खाल्ले, तरी तुझी माफी मागितली नाही. आज मागतो.

पंढरीला आधी दोन औषधं पुऱ्या डोसने देऊन झाली, प्रत्येक दीड-दोन महिने. त्याला ऐकू येणारे आवाज थांबेनात. मग क्लोझापिनची गोळी. त्याने पांढऱ्या पेशी उतरू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. केळीचं पाणी सोडून जळगावच्या एसटीत बसायचो. लाळेने उशी भिजायची, पोट साफ व्हायचं नाही, पण आवाज अर्धे झाले. अर्धेच. पुढे त्याने जेवण सोडलं, रात्रभर कपाशीत उभा राहायचा. नाना म्हणे भगताकडे ने. नानांशी मी असा भांडलो की बैलही दावणीला बिचकले!

डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळी चालूच ठेवू, जोडीला ईसीटी, म्हणजे तोच शॉक, देऊ. क्लोझापिन पुरत नव्हतं अशा ३९ जणांचा अमेरिकेतला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, तो त्यांनी सांगितला. गोळीसोबत ईसीटी मिळालेल्यांपैकी निम्मे सुधारले, नुसत्या गोळीवर एकही नाही. पण निम्मेच ना? उरलेल्या निम्म्यांत आपला पंढरी असला तर? रात्रभर हाच हिशेब.

मी एकच विचारलं, पाय कोण धरतं?

म्हणाल्या, कोणीच नाही. भूल देतात, स्नायू सैल करायचं इंजेक्शन देतात. त्यांच्याशिवाय शॉक द्यायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. फक्त एका घोट्यावर बीपीचा पट्टा आवळतात, म्हणजे ते इंजेक्शन त्या पावलात उतरत नाही. अख्खं अंग शांत, तेवढं पाऊल हलतं. त्यावरून फिट किती वेळ चालली ते मोजतात. बाहेर बाकावर बसून मला तुझे हातच दिसत होते रे.

सहा झाले. चौथ्यानंतर डोळे उघडून म्हणाला, "भाऊ, भूक लागनी." दोन भाकरी आणि भरीत खाल्लं. तू जाळायचास तसलं नव्हतं, चांगलं होतं.

पण परवा विचारलं, म्हैस कुठे गेली? उन्हाळ्यात त्यानेच दोर सोडून व्यापाऱ्याच्या हातात दिला होता. बाई म्हणाल्या, या दिवसांच्या आसपासचं पुसट होतं, बरंचसं परत येतं, काही येतही नाही. मावशी तुझा दहावीचा निकाल विसरली होती ना? पुन्हा पुन्हा विचारायची तेव्हा तू दरवेळी सांगायचास, की गप्प राहायचास? मला हे दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही.

पोरीचं जमलं म्हणे, आनंद झाला. गुडघ्याचं बघ.

शुक्रवारी सातवा आहे. त्याला उपाशीपोटी घेऊन पहाटे पाचला निघतो. जमलं तर त्या बाकावर येऊन बस.

तुझा,
भिका