आई-बाबा, मंगळवारच्या फ्लाइटबद्दल

आई-बाबा,

मंगळवारी रात्री फोनवर आई तू नुसती रडत होतीस आणि बाबा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, म्हणून सगळं लिहून पाठवतेय, दोघं सावकाश वाचा. विश्रामबागेतल्या ग्रुपवर जे फिरतंय ना, चाक तुटलं, विमान पडता पडता वाचलं, ते खोटंय. चाक खाली येऊन लॉक झालंय की नाही याची खात्री होत नव्हती, एवढीच गोष्ट. पण एवढ्याचीही आम्ही पूर्ण दखल घेतो.

हैदराबादला उतरायला दहा-एक किलोमीटर उरले होते, विमान माझ्या हातात होतं, कॅप्टन सरांनी गिअरचा, म्हणजे चाकं बाहेर काढायचा, लिव्हर खाली केला. एरवी तीन हिरवे त्रिकोण लागतात, त्या दिवशी दोनच लागले आणि नाकाखालच्या चाकाच्या जागी 'लॉक नाही' सांगणारी लाल अक्षरं तशीच राहिली. उतरणं सोडून आम्ही परत वर गेलो. सर म्हणाले, तू फक्त विमान चालव, लाल लाईटचं मी बघतो.

बाबा, मला तेव्हा खरंच तुमचा आंबा घाट आठवला. उतारावर ब्रेकची हवा कमी झाल्याचा बझर वाजला, कंडक्टर काका घाबरून तुम्हाला काटा दाखवायला लागले, तर तुम्ही म्हणालात, काट्याकडं तू बघ, रस्त्याकडं मी बघतो, आणि पहिल्या रुंद वळणावर गाडी कडेला लावून चाकाला दगड लावलात. मी सातवीत होते, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला हेच दोन अपघातांवरून शिकवतात. २९ डिसेंबर १९७२ ला मायामीजवळ एका मोठ्या विमानाचा नाकाच्या चाकाचा दिवा लागला नाही, कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यातच गुंतले, विमान हळूहळू खाली जातंय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि ते दलदलीत कोसळलं, १०१ माणसं गेली. फक्त बल्ब उडाला होता, चाक व्यवस्थित खाली होतं. आणि १९७८ मध्ये पोर्टलँडला चाकाचीच शंका घेऊन घिरट्या घालताना इंधन संपलं, १० जण गेले. त्यानंतरच कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलायचं, कुणी काय बघायचं याचं ट्रेनिंग सगळीकडं सुरू झालं.

म्हणून मी उंची, स्पीड आणि इंधन यावरनं नजर हलवली नाही. आमचं एअरबस ए३२० इंधन हवेत सोडून देऊ शकत नाही आणि घिरट्या घालताना मिनिटाला साधारण ४० किलो जाळतं, त्यामुळं दर पाच मिनिटांनी मी सरांना किती उरलंय ते मोठ्यानं सांगत होते. त्यांनी चेकलिस्ट वाचत लिव्हर वर करून परत खाली केला, लाल ते लालच. मग दोन सीटांच्या मधे मागच्या बाजूला जे हँडल असतं ते काढून घड्याळाच्या काट्यासारखे तीन फेरे फिरवले. त्यानं हायड्रॉलिकचं प्रेशर बंद होतं, चाकाची वरची कडी सुटते आणि चाक स्वतःच्या वजनानं खाली पडतं. पायाखाली धप्प आवाज झाला, मला बुटातून जाणवला, आणि तिसरा हिरवा लागला. आई, त्या एका हिरव्या दिव्याकडं मी क्षणभर बघतच राहिले, पण लगेच परत स्पीडवर नजर नेली.

तरी केबिन क्रूनं सगळ्यांना डोकं खाली घालून कसं बसायचं ते समजावून ठेवलं होतं, रनवेच्या कडेला फायरच्या गाड्या उभ्या होत्या. लँडिंग सरांनी केलं, नाक अगदी हळू टेकवलं, रनवेवरच थांबलो, चाकं मिटू नयेत म्हणून इंजिनिअर लोकांनी त्यांना पिना घातल्या आणि मग ट्रॅक्टरनं ओढून नेलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. रिपोर्ट लिहिण्यात दोन तास गेले, म्हणून फोन उशिरा केला. निदान 'मी ठीक आहे' एवढा मेसेज तरी आधी टाकायला हवा होता, आई, ते माझं चुकलं.

नोकरी सोड म्हणालीस ना, सोडणार नाही. शनिवारी परत ड्यूटी आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार दिवस सांगलीला येतेय, जाताना भडंगाचा एक मोठा डबा जास्त भर, सरांना द्यायचाय. आणि बाबा, आंबा घाटातली ती गोष्ट मी सरांना सांगितली, त्यांना तुमच्याशी बोलायचंय, नंबर देऊ का त्यांना?

तुमची,
छकुली