पडलेल्या सर्व्हरचा पंचनामा होऊ द्या

महोदय,

‘तांत्रिक बिघाडामुळे सेवा काही तास बंद होती, आता ती पूर्ववत झाली आहे’ असं वाक्य बातम्यांत अधूनमधून वाचायला मिळतं. गेली एकोणीस वर्षं मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे सर्व्हर सांभाळतो. त्यामुळे असं वाक्य वाचलं की मी त्याच्या पुढची ओळ शोधतो. बिघाड नेमका कशात होता? मशीन पडताना काय घडलं त्याची नोंद हाती लागली का? ही ओळ छापून येत नाही, आणि माझा अनुभव असा की पुष्कळदा ती सांगणाऱ्यांकडेही नसते. नोंद राहील अशी सोय मशीन पडायच्या आधी करावी लागते, आणि ती करायची राहून गेलेली असते.

साधा प्रोग्राम कोसळला तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, शाबूत असतो. तो लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, चार ओळी लिहितो आणि काम पुढे चालू राहतं. पण कर्नलच पॅनिक झाला, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीने कोसळला, तर लिहिणार कोण? डिस्कवर एक ओळ उमटायची तरी फाइल सिस्टीम, डिस्कचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) आणि मेमरी हे सगळं धड असावं लागतं. त्यातलं नेमकं काय बिघडलंय हे त्या क्षणी कर्नललाही ठाऊक नसतं. भलत्याच जागी लिहून चांगला डेटा नासवण्यापेक्षा तो जागीच थांबतो. त्याचे शेवटचे शब्द मेमरीतल्या एका तात्पुरत्या जागेत, बफरमध्ये, पडून असतात. कुणी पॉवरचं बटण दाबलं की तेही गेले. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढावा, तर दिसतात शेवटच्या वीस-पंचवीस ओळी. जी पहिली चूक खरं कारण सांगते, ती वर सरकून दिसेनाशी झालेली असते.

हे मी एका मशीनवर फार महागात शिकलो. संस्थेचं नाव घेत नाही. डेटाबेसचा सर्व्हर होता, ६४ जीबी मेमरीचा. आठ-दहा दिवसांनी एकदा, मध्यरात्रीनंतर तो आपोआप रिस्टार्ट व्हायचा. पॅनिक झाल्यावर दहा सेकंदांनी पुन्हा सुरू हो, अशी सेटिंग आधीच कुणीतरी करून ठेवली होती. सकाळी लॉग उघडला की २ वाजून ४७ मिनिटांची एक साधीसुधी ओळ दिसायची आणि तिच्या खाली थेट नव्या बूटची पहिली ओळ. मध्ये काहीच नाही. आम्ही रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, केबली बदलल्या. चौथ्या वेळी संशय रात्रपाळीच्या मुलावर गेला, कारण त्यातल्या दोन रात्री तो मशीनवर लॉगिन होता. मी सांगत होतो की कमांड देऊन रिस्टार्ट केलं तर एकेक सर्व्हिस बंद झाल्याच्या ओळी लॉगमध्ये येतात, इथे तर लॉग मध्येच तुटलाय. त्यावर उत्तर आलं, ‘मग त्याने बटण दाबलं असेल.’ माझ्याकडे याला प्रत्युत्तर द्यायला पुरावा नव्हता. त्या मुलाची रात्रपाळी काढून घेतली आणि अहवालात त्याचं नाव लिहिलं गेलं. मी गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी केडंप, म्हणजे कर्नल पडतानाची मेमरी जपून ठेवणारी सोय, लावायला बसलो. ही काही नवलाई नाही. तिच्या मुळाशी असलेली केएक्झेक ही सोय २००५ साली, २.६.१३ या आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आली. कल्पना मला फार सुंदर वाटते. मशीन सुरू होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवायचा, बूटच्या ओळीत ‘क्रॅशकर्नल’ आणि त्यापुढे आकार लिहून. त्या तुकड्याला चालू कर्नल हात लावत नाही. तिथे दुसरा, छोटा कर्नल आधीच चढवून ठेवलेला असतो. मुख्य कर्नल पॅनिक झाला की ताबा थेट या दुसऱ्याकडे जातो. मध्ये बायोस, म्हणजे मशीन नव्याने सुरू करणारा मूळ प्रोग्राम, येत नाही, त्यामुळे मेमरी पुसली जात नाही. दुसऱ्या कर्नलला पडलेल्या कर्नलची सगळी मेमरी एका फाइलसारखी दिसते, व्हीएमकोर नावाची. तो तिच्यातली रिकामी आणि बिनकामाची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे भाग, गाळतो, उरलेलं दाबून लहान करतो, डिस्कवर लिहितो आणि मग मशीन रिस्टार्ट करतो.

पहिल्यांदा मी १२८ एमबी राखून ठेवले आणि निश्चिंत झालो. मशीन पुन्हा पडलं, आणि क्रॅशचं फोल्डर रिकामंच. तेवढ्या मेमरीत दुसरा कर्नलच गुदमरला होता. म्हणून कळकळीने सांगतो, केडंप नुसता सुरू करून भागत नाही, तो तपासावा लागतो. तपासायचा एकच खरा मार्ग आहे: कामाची वेळ नसताना, सगळ्यांना कळवून, डेटाबेस नीट बंद करून, मशीन स्वतःच्या हाताने पाडायचं. सिसआरक्यू ट्रिगर नावाच्या फाइलमध्ये ‘सी’ हे एक अक्षर लिहिलं की कर्नल तिथल्या तिथे क्रॅश होतो. ५१२ एमबी राखून एका दुपारी चारच्या सुमारास मी ते अक्षर लिहिलं. बोटं थरथरत होती. काही मिनिटांनी मशीन परत आलं, आणि क्रॅशच्या फोल्डरमध्ये तारीख-वेळेच्या नावाचं नवं फोल्डर होतं.

नवव्या रात्री मशीन स्वतःहून पडलं. फोल्डरमध्ये व्हीएमकोर होतीच, पण तिच्या शेजारी शेवटच्या संदेशांची छोटी टेक्स्ट फाइलही होती. नव्वद टक्के काम तिच्यावरच झालं. ओळींच्या सुरुवातीला कंसात ७२९४१८ हा आकडा, म्हणजे बूट झाल्यापासूनचे सेकंद, जवळपास साडेआठ दिवस. मग ‘नल पॉइंटर डीरेफरन्स’ची, म्हणजे मेमरीचा रिकामा पत्ता वापरल्याच्या चुकीची, ओळ. तिच्या खाली ‘टेंटेड’ आणि पुढे ‘ओ’ हे अक्षर, म्हणजे मूळ कर्नलच्या बाहेरचं मॉड्यूल, कर्नलला जोडायचा एक तुकडा, चढवलेलं आहे. आणि ‘आरआयपी’च्या ओळीत, कर्नल ज्या फंक्शनवर कोसळला त्याच्यापुढे, चौकटी कंसात त्याच मॉड्यूलचं नाव. स्टोरेज कार्डाचा, बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर. तो काढून कर्नलसोबत येणारा ड्रायव्हर लावला. मशीन पुन्हा तसं पडलं नाही.

ज्यांच्याकडे केडंपएवढी मेमरी नाही, त्यांनीही हात टेकू नयेत. पीस्टोर शेवटचे संदेश मशीनच्या फर्मवेअरमध्ये किंवा रिस्टार्टमध्ये टिकणाऱ्या मेमरीत जपून ठेवतो. नेटकन्सोल तेच संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवतो. सीरियल केबल तर जुनी आणि विश्वासाची. निदान जर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या रोजच्या नोंदींचा, लॉग डिस्कवर टिकेल एवढं तरी बघावं. काही मशीनवर तो फक्त मेमरीत असतो आणि दर रिस्टार्टला कोरा होतो.

एक काळजी मात्र जरूर घ्यावी. व्हीएमकोर ही मशीनच्या मेमरीची नक्कल असते. पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, लोकांची माहिती, त्यात काहीही सापडू शकतं. ती फाइल मदत मागताना कुणालाही पाठवू नये. बहुतेक वेळा टेक्स्ट फाइल पुरते, आणि तीही आधी वाचून मगच द्यावी.

संपादक महोदय, आपल्या बातमीदारांना माझी एक विनंती कळवावी. लोकांची कामं खोळंबवणारा सर्व्हर पडल्याची बातमी येईल, तेव्हा ‘कधी सुरू झाला?’ यासोबत ‘पडतानाची नोंद मिळाली का?’ हेही विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं, तर तेही छापावं. हा प्रश्न आपल्याला विचारला जाणार हे कळलं, की केडंप लावायला लागणारी दुपार वरिष्ठ मंडळी देऊ लागतील. आमच्याकडे तीच एक दुपार मागायला मला चार महिने लागले.

त्या मुलाचं नाव अहवालातून काढून घेतलं गेलं. मी त्या टेक्स्ट फाइलची प्रिंट काढून, आरआयपीची ओळ अधोरेखित करून त्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली आणि विचारलं, ‘हे पहिल्या वेळेलाच लावलं असतं तर?’

— सर्व्हर सांभाळणारा एक वाचक